फांदीवरचे शेकरू, बांधावरचा बेडूक

मुंबईहून पनवेल-पेणमार्गे दक्षिणेकडे निघालेली गाडी रोहा स्थानकात शिरते, तेथे मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. पेणकडून आलेला लोहमार्ग रोह्यापर्यंत १९८६ मध्ये पोहोचला. रोह्यापुढे थेट मंगळुरूपर्यंतचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण खुला झाला. मधली काही वर्षे रोहा हे शेवटचे स्थानक होते, आणि शेवटच्या स्थानकाच्या गावाला असते तशी एक निवांत वृत्ती या परिसरात अजूनही रेंगाळलेली दिसते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांच्या घराण्याचे हे गाव. कुंडलिकेच्या काठी वसलेल्या या बाजारपेठेला अगदी लागून वरसे आहे. रोहा कोठे संपले आणि वरसे कोठे सुरू झाले, हे नवख्या माणसाला सांगता येऊ नये इतकी दोन्हींची घरे एकमेकांत मिसळली आहेत. जनगणनेच्या दप्तरात वरशाची नोंद आता खेडे म्हणून होत नाही, शहर म्हणून होते. तरीही घरांच्या रांगा ओलांडल्या की भाताची खाचरे लागतात, आणि खाचरांच्या पलीकडे डोंगर.

वरसे या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, कानाला ते वर्षेच्या जवळचे वाटते. कोकणपट्टीतला पाऊस काही हातचे राखून पडत नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आकाश भरून येते, उन्हाने भेगाळलेली खाचरे एका रात्रीत तुडुंब होतात, आणि त्याच रात्री वरशाच्या शिवारात एक आवाज सुरू होतो. दूरवरून तो गुरांच्या हंबरण्यासारखा वाटतो. जवळ जावे तर बांधाच्या कडेला, गुडघाभर पाण्यात, हळदीने माखल्यासारखे पिवळेधमक बेडूक बसलेले दिसतात. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या रंगाचे दोन फुगे, आवाज काढताना फुगणारे आणि विरणारे. ज्याने हे दृश्य प्रथमच पाहिले, त्याला हा प्राणी एरवी मळकट हिरवा असतो हे सांगून खरे वाटत नाही.

शास्त्रज्ञ या बेडकाला होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस म्हणतात. पन्नाशीच्या पुढील वाचकांना त्याचे जुने नाव अधिक आठवेल : राना टायग्रिना. महाविद्यालयातील जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मेणाच्या तबकावर टाचण्यांनी खिळलेला बेडूक तो हाच. जीवशास्त्र घ्यावे की गणितावर भागवावे, हा प्रश्न कित्येक जैन घरांत या एका तासामुळे उभा राहत असे, आणि डॉक्टर होण्याची इच्छा असलेल्या मुलीने आईची समजूत घालण्यात दिवस काढल्याच्या हकिकती त्या पिढीत ऐकायला मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांतून ते बंदच करण्यास सांगितले. आजच्या विद्यार्थ्याला तो प्रसंग पडद्यावरच्या चित्रावर भागवता येतो.

पिवळा रंग फक्त नराला, आणि तोही विणीच्या थोड्या दिवसांपुरता. मादी आकाराने मोठी. पूर्ण वाढलेला बेडूक सोळा-सतरा सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे ओंजळीत मावेनासा होतो. पावसाच्या साचलेल्या उथळ पाण्यात मादी अंडी घालते. नदीचे वाहते पाणी तिला नको असते. चार दिवसांपूर्वी जेथे कोरडी जमीन होती असे खाचर, असे डबके तिला हवे असते. त्यातून बाहेर पडणारी पिल्ले काळ्या ठिपक्याला शेपूट फुटल्यासारखी दिसतात. त्यांना कल्ले असतात, पाय नसतात. काही आठवड्यांत मागचे पाय फुटतात, मग पुढचे, शेपूट आतल्या आत जिरून जाते, कल्ल्यांची जागा फुप्फुसे घेतात, आणि एका जलचराचा भूचर होतो. पाणी आटण्याआधी हे सारे उरकावे लागते. डबके लवकर आटले तर त्या वर्षीची पिढी तेथेच संपते.

या बेडकाच्या तुलनेला कोणता प्राणी घ्यावा, तर वरशाच्या पश्चिमेकडील रानात त्यासाठी फार शोधावे लागत नाही. रोह्याहून मुरूडच्या दिशेने निघाले की डोंगर जवळ येतात आणि फणसाडचे अभयारण्य लागते. मुरूड आणि रोहा या दोन तालुक्यांत पसरलेले हे जंगल पूर्वी जंजिरा संस्थानाचे शिकारीचे रान होते. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. योगायोग असा की ज्या वर्षी रोह्याला रेल्वे आली, त्याच वर्षी शेजारच्या रानातील बंदुकीला कायद्याने कुलूप लागले. या रानातील पाणवठ्यांना स्थानिक लोक ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, फणसाडची गाण अशी त्यांची नावे, आणि अभयारण्याला नाव मिळाले तेही एका गाणीवरूनच. गाणीच्या आसपास झाडी दाट असते. तेथे गारंबीच्या वेली एका झाडावरून दुसऱ्या झाडावर अजगरासारख्या गेलेल्या आहेत, आणि त्यांना हात-हातभर लांबीच्या चपट्या शेंगा लोंबतात.

येथे वर पाहून चालावे लागते. एखादी फांदी वाऱ्याविना हलली, पानांचा पाऊस पडल्यासारखा झाला, की समजावे शेकरू आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून त्याचे चित्र सर्वांनी पाहिलेले असते. प्रत्यक्षात ते चित्रापेक्षा मोठे निघते. पाठ गर्द तांबूस-तपकिरी, पोट पिवळसर पांढरे, कान लहान आणि गोल, आणि शरीराइतकीच किंबहुना अधिक लांब झुपकेदार शेपटी. वजन दीड-दोन किलोपर्यंत. वरशातील घराच्या कौलांवर पळणारी, पाठीवर पट्टे असलेली खार हीच त्याची चुलत बहीण, यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. शास्त्रीय नाव रातुफा इंडिका. ते दिवसा जागे असते, रात्री घरट्यात झोपते, आणि शक्यतो जमिनीवर उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर सहा मीटरपर्यंतची झेप ते सहज घेते. घारी-गरुडाची सावली पडली तर पळत नाही. खोडाला चिकटून, अंग पसरून निश्चल राहते, जणू सालीचाच एक फुगीर भाग.

त्याचे घरटे पाहण्यासारखे असते. काटक्या आणि पाने यांचा मोठा गोळा, झाडाच्या शेंड्याजवळ, अशा बारीक फांद्यांवर की जड अंगाच्या शिकाऱ्याला तेथवर पोहोचता येऊ नये. असे एकच घरटे बांधून ते थांबत नाही. आपल्या हद्दीत अनेक बांधते, काहींत झोपते, एखाद्यात पिल्ले वाढवते. पिल्ले एक-दोन, फार तर तीन. व्यापारी मनाला हा हिशेब लगेच कळतो : भांडवल थोडे, जोखीम वाटून ठेवलेली, प्रत्येक खात्यावर बारीक नजर. बेडकाचा हिशेब याच्या नेमका उलट. हजारो अंडी एका पाण्यात सोडून मादी निघून जाते. मागे वळून पाहत नाही. त्यातली बहुतेक मासे, पाणकिडे, पक्षी आणि खुद्द भावंडे यांच्या तोंडी जातात. उरलेल्या मूठभर पिल्लांवर वंश चालतो. दोन्ही रीती लक्षावधी वर्षे टिकल्या आहेत. यातली एक शहाणी आणि दुसरी उधळी, असे म्हणण्याचा मोह टाळलेलाच बरा.

शरीराच्या रचनेतही हाच उलटेपणा दिसतो. शेकरू उष्ण रक्ताचे. थंडीपावसात अंगाची ऊब राखण्यासाठी त्याला सतत खावे लागते. फळे, फुले, बिया, कोवळी पाने, झाडाची सालही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून कठीण कवच कुरतडणे ही त्याची गरजही असते. बेडकाच्या अंगात स्वतःची ऊब नाही. भोवतालच्या हवेइतके ते गार किंवा गरम. म्हणूनच तो महिनोन्महिने न खाता राहू शकतो. त्याच्या खालच्या जबड्यात दात नाहीत. भक्ष्य गिळताना तो डोळे आत ओढून घेतो आणि डोळ्यांच्या दाबाने घास घशाखाली ढकलतो. पाणी तोंडाने पीत नाही, कातडीने शोषतो. श्वासही पुष्कळसा कातडीनेच घेतो. शेकरूच्या अंगावर केसांचे जाड पांघरूण आहे; बेडूक आणि जग यांच्या मध्ये एक ओलसर पातळ पापुद्रा, एवढेच. शेतात औषध फवारले तर ते शेकरूला पानातून, फळातून मिळेल तेव्हा मिळेल. बेडकाच्या अंगात ते थेट पाझरते.

आहाराचा मुद्दा या मासिकाच्या वाचकांना विशेष वाटेल. शेकरू जवळजवळ शाकाहारी आहे, आणि ते लोकांना आवडते याचे एक कारण तेही असावे. पण सोवळ्यात ठेवण्याइतके ते शाकाहारी नाही. क्वचित कीटक, क्वचित पक्ष्यांची अंडी त्याच्या खाण्यात येतात. बेडकाच्या बाबतीत असा संदिग्धपणा नाही. जे हलते आणि तोंडात मावते ते तो खातो : नाकतोडे, अळ्या, खेकड्याची पिल्ले, उंदराचे पिल्लू, आणि आपल्याहून लहान बेडूकही. अंदमान बेटांवर माणसाबरोबर तो अलीकडच्या काळात पोहोचला, आणि तेथे मूळच्या लहान प्राण्यांना उपद्रवी ठरला. भाताच्या खाचरात मात्र त्याची हीच भूक शेतकऱ्याला हवी असते, कारण भातावर पडणाऱ्या अळ्या आणि किडी हे त्याचे रोजचे जेवण आहे.

मराठी भाषेने या दोघांना दिलेली वागणूक समान नाही. खार म्हटली की ‘खारीचा वाटा’ आठवतो. सेतू बांधताना वाळूचे कण वाहून नेणारी आणि रामाच्या बोटांचे पट्टे पाठीवर मिळवणारी ती गुणी खार. बेडकाच्या वाट्याला ‘कूपमंडूक’ आला, ‘डबक्यातला बेडूक’ आला, बैलाएवढा होण्यासाठी फुगून फुटलेला मूर्ख आला. एवढ्या जुन्या ओळखीच्या प्राण्याला एवढा कमीपणा का, याचे नवल वाटते. जुन्या परंपरेत तसे नव्हते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक अख्खे सूक्त आहे. पाणिनीच्या व्याकरणाचे अभ्यासक, मधली सूत्रे ओलांडून पुढच्या सूत्रात जाणाऱ्या पदाच्या गतीला ‘मंडूकप्लुती’ म्हणतात. आणि जैन वाङ्मयात तर बेडूक एका व्यापाऱ्याच्या कथेचा नायक आहे.

‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमातील तेराव्या अध्ययनात ती कथा येते. राजगृहीचा नंद मणियार हा धनवान. त्याने नगराबाहेर एक पुष्करिणी बांधली, भोवती उद्याने, वाटसरूंसाठी सोयी, रुग्णांसाठी उपचारांची व्यवस्था. लोक पाणी पीत, त्याचे नाव घेत. त्या स्तुतीत आणि त्या पाण्यात त्याचा जीव इतका गुंतला, की मरणानंतर तो त्याच पुष्करिणीत बेडूक होऊन जन्मला. काठावर येणाऱ्यांच्या तोंडून नंदाचे नाव ऐकता ऐकता त्याला पूर्वजन्म आठवला. भगवान महावीर नगरीत आल्याचे कळताच तो दर्शनाला निघाला आणि वाटेत श्रेणिक राजाच्या स्वारीतील घोड्याच्या टापेखाली आला. त्या भावातच त्याला देवगती मिळाली. दिगंबर परंपरेत तोच बेडूक फुलाची पाकळी तोंडात धरून निघतो आणि हत्तीच्या पायाखाली येतो. कथेचा अर्थ प्रवचनकार आपापल्या परीने सांगतातच. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट साधी आहे : कथाकाराने बेडकाला रस्ता ओलांडताना मारले आहे. पावसाळ्याच्या पहिल्या रात्री रोह्याहून कोलाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाडीच्या दिव्यांसमोर जे दिसते, ते त्याला माहीत होते. चातुर्मासात साधू-साध्वी विहार का थांबवतात, याचे कारणही ग्रंथात शोधण्याआधी वरशाच्या बांधावर डोळ्यांनी पाहता येते. त्या दिवसांत पाऊल ठेवायला मोकळी जमीन नसते.

शेकरूचीही रस्त्याशी हीच अडचण, फक्त उंचीवरची. बेडूक रस्ता ओलांडतो आणि मरतो. शेकरू रस्ता ओलांडतच नाही. झाडांचे माथे एकमेकांना भिडलेले असतील तेथवरच त्याचे जग. मधली दहा झाडे तोडली तर पलीकडचे रान त्याच्या दृष्टीने दुसरा देश होतो. एका बाजूची शेकरे एका बाजूलाच राहतात, आणि पिढ्या गेल्या की आपसातच गुंततात. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ मध्ये मुख्यतः शेकरूसाठीच राखले गेले, त्यामागे हेच होते. तेथील देवराया तोडल्या न गेल्यामुळे झाडांचे छत अखंड राहिले होते.

फणसाडचे छत मात्र ३ जून २०२० रोजी एका दुपारी फाटले. ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्याला धडकले आणि मुरूड, अलिबाग, रोहा या तालुक्यांतून आत शिरले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. टाळेबंदीचे दिवस, दुकाने आधीच बंद, त्यात छप्पर गेलेले. ज्यांची पेढी किंवा गोदाम त्या पट्ट्यात होते, त्यांना तो जून विसरता येणार नाही. फणसाडच्या रानात जुनी, उंच, विस्तीर्ण माथ्याची झाडे उन्मळून पडली. उंच झाड पडते तेव्हा ते एकटे पडत नाही. वेलींनी बांधलेली शेजारची झाडेही ओढून नेते. गारंबीसारखी वेल, जी एरवी शेकरूचा झुलता पूल असते, तीच अशा वेळी दोरखंड होऊन दुसऱ्या झाडाला खाली खेचते. शेकरूच्या घरट्यांसाठी लागणारे शेंडे गेले, आणि मधल्या पोकळ्यांतून ऊन थेट जमिनीवर पडू लागले.

बेडकाचे मात्र अशा दिवशी सारे अनुकूल असते. त्याला जी खूण हवी असते ती म्हणजे जूनच्या आरंभीचा पहिला मोठा पाऊस, तो वादळाने आणला की मोसमी वाऱ्याने याच्याशी त्याला कर्तव्य नाही. उन्मळलेल्या झाडांच्या मुळाशी पडलेल्या खड्ड्यांतही पाणी साचते. वनाचा माथा मोडला की शेकरूचे एक संपूर्ण पर्व जाते, कारण झाड वाढायला माणसाचे आयुष्य लागते. खाचराचे पाणी गेले की बेडकाचे एक वर्ष जाते. पुढच्या जूनमध्ये पाणी पुन्हा आले तर तो पुन्हा उभा राहू शकतो. मात्र त्यासाठी खाचर जागेवर असावे लागते.

बेडकावर एकदा असेच संकट आले, ते आभाळातून नव्हे, बाजारातून. युरोप-अमेरिकेत बेडकाच्या मागच्या पायांना मोठी मागणी होती, आणि भारत त्यांचा बडा पुरवठादार होता. १९८० च्या आसपास वर्षाला हजारो टन पाय गोठवून परदेशी जात. फक्त पाय, उरलेले शरीर टाकून दिले जाई. पावसाळ्याच्या रात्री दिव्याच्या उजेडात, नेमके विणीच्या दिवसांत, आवाजाच्या रोखाने जाऊन बेडूक पकडणे सोपे असे. या व्यापाराला परकीय चलनाचे समर्थन होते, आणि ते पोकळ नव्हते. देशाला त्या चलनाची गरज होती. विरोध करणाऱ्यांनी दयेबरोबर हिशेबही मांडला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ज्येष्ठ निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांनी १९८५ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात या निर्यातीवर लेख लिहिला. हे बेडूक भातशेतीतील किती कीड खातात, आणि ते गेल्यावर ती कीड मारायला कीटकनाशकांवर किती खर्च करावा लागेल, असा तो वादाचा रोख होता. जमेच्या बाजूला पायांचे पैसे, नावेच्या बाजूला विषाचे पैसे. त्याच वर्षी ही जात आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापाराच्या ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात नोंदली गेली, आणि १९८७ मध्ये भारताने बेडकाच्या पायांची निर्यात बंद केली. व्यापार जगातून गेला नाही. तो बांगलादेश आणि इंडोनेशियाकडे सरकला. पण वरशासारख्या गावांच्या शिवारातला आवाज राहिला तो या निर्णयामुळे. वन्य प्राणी वाचवण्याच्या आपल्या इतिहासात वाघ-सिंहांच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. एका बेडकासाठी देशाने चालू निर्यात थांबवली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

या अब्दुलअलींचे नाव पश्चिम घाटातील एका लहानशा बेडकाला दिलेले आहे : निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. ओढ्याकाठच्या दगडांत, पाण्याच्या शिंतोड्यांत राहणारा तो रात्रीचा जीव.

शेकरू आणि बेडूक यांच्या मध्ये कोठे तरी बसणारा आणखी एक प्राणी वरशाच्या घराघरांत आढळतो, आणि त्याला विसरून चालणार नाही. पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीवर चिकटलेला, फिकट तपकिरी, बोटांच्या टोकाला गोल चकत्या असलेला झाडबेडूक. शास्त्रज्ञ त्याला पॉलिपेडेटस मॅक्युलेटस म्हणतात. तो शेकरूसारखा झाडावर राहतो आणि घरटेही करतो, मात्र फेसाचे. पाण्यावर झुकलेल्या पानाला, टाकीच्या आतल्या कडेला किंवा हौदाच्या भिंतीला साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा दिसला तर तो त्याचा. आत अंडी असतात. पिल्ले तयार झाली की फेस विरघळतो आणि ती खाली पाण्यात टपकतात. घरातली मोलकरीण तो गोळा कचरा समजून झाडूने काढते, हे बहुतेक घरांत घडते.

वरशाच्या उशाशी वाहणाऱ्या कुंडलिकेचे पाणी हेही एक नवलच आहे. उन्हाळ्यात कोकणातल्या नद्या आटतात. कुंडलिका वाहत राहते. कारण तिचे बरेचसे पाणी घाटमाथ्यावरचे आहे. मुळशीच्या धरणातून डोंगर उतरून ते भिऱ्याच्या वीजगृहात येते आणि चक्रे फिरवून नदीत सोडले जाते. हे वीजगृह १९२० च्या दशकातले. त्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांची जमीन गेली, आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा १९२१ चा मुळशी सत्याग्रह त्यातून उभा राहिला. ज्या पाण्यावर आज कोलाडला पर्यटक रबरी होड्यांतून उड्या घेतात, ज्या पाण्याचे कालवे खाली शेतांकडे जातात, ते असे किंमत मोजून आलेले पाणी आहे. पुढे धाटावची औद्योगिक वसाहत लागते. रोह्याखालचा नदीचा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्रदूषित म्हणून नोंदला होता. कातडीने श्वास घेणाऱ्या प्राण्याला अशा नोंदीचा अर्थ अगदी प्रत्यक्ष असतो.

आता प्रश्न जमिनीचा. शेकरू ज्या झाडावर राहते ते बहुधा सरकारी वनात असते. तेथे नाका असतो, रक्षक असतो, नियम असतात. बेडूक राहतो तो कोणाच्या तरी सातबाऱ्यावर. त्याला अभयारण्य नाही. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा त्याला पकडण्या-मारण्यापासून वाचवतो, पण खाचर भरून काढण्यापासून वाचवत नाही. रोह्याभोवतीच्या जमिनींना भाव आला आहे. मुंबईच्या माणसाला दोन-तीन तासांवर घर हवे आहे, कारखान्यांतल्या नोकरदारांना इमारतीत सदनिका हवी आहे, आणि व्यापारी कुटुंबे सोने व समभाग यांच्याबरोबर कोकणातल्या भूखंडाकडेही गुंतवणूक म्हणून पाहतात. बिनशेती परवाना मिळाला की पहिले काम असते भराव. खाचर रस्त्याच्या पातळीला आणण्यासाठी मुरमाच्या गाड्या येतात, बांध मोडतात, आणि एका उन्हाळ्यात त्या जागेचे पाणी साठवणे संपते. ते भरावाचे काम उन्हाळ्यात होते ही त्यातली न दिसणारी बाब. उन्हाळ्यात बेडूक पाण्यात नसतो. तो त्याच मातीत खाली पुरून घेऊन पावसाची वाट पाहत असतो. वरून कोणालाच काही दिसत नाही. मारल्याची जाणीव होण्याइतकेही काही घडत नाही.

भूखंड घेऊन घर बांधणाऱ्याने काय करावे, याचे उत्तर परिसरातल्या काही जुन्या घरांच्या आवारात दिसते. विहिरीजवळ किंवा कुंपणाच्या सखल कोपऱ्यात पावसाचे पाणी महिना-दीड महिना उभे राहील अशी उथळ जागा सोडलेली असते. फरशी नाही, सिमेंट नाही, काठ उतरते. त्यात मासे सोडलेले नसतात, कारण मासे अंडी खातात. आंबा, जांभूळ, फणस ही कुंपणाची झाडे शेजाऱ्याच्या झाडांना माथ्याने भिडू दिलेली असतात. पट्ट्यांच्या खारीला तेवढे पुरते. शेकरू वरशात उतरणार नाही. त्याच्यासाठी डोंगरच हवा.

फणसाडला जायचे तर पाऊस ओसरल्यावर, दिवाळीनंतर जावे, आणि सकाळी लवकर. सुपेगावच्या बाजूने आत जाता येते. शेकरूचा आवाज एकदम, कडकडाटासारखा येतो, आणि ते दिसण्याआधी बहुधा त्याने खाऊन टाकलेली फळांची साले पायाशी दिसतात. ते अर्धे खाते आणि अर्धे टाकते. खालचे भेकर आणि सांबर ते उचलतात. बेडकासाठी एवढा प्रवास नको. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री रोह्याची शेवटची गाडी गेल्यावर वरशाच्या कोणत्याही बांधाजवळ उभे राहिले तरी पुरते. पिवळा रंग चार-सहा दिवसांत उतरतो.

भादव्यानंतर आवाज बंद होतो. दसऱ्यापर्यंत भात पिवळा पडतो, दिवाळीच्या सुमारास कापणी होते, आणि खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरले जातात. पौषात त्या वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडक्यात पोपटी लावतात. शेताच्या कडेला जाळ पेटतो, आणि गरम शेंगांभोवती घरची माणसे, पाहुणे, मुंबईहून आलेली मुले गोळा होतात. त्याच शेताच्या मातीत, त्यांच्या पायांखाली, मागच्या पावसातले बेडूक डोळे मिटून असतात.